'बॅटलस्टार गॅलेक्टिका' परत आणण्याची धडपड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी 'गॅलेक्टिका' आधी बघून जुनीकडे वळलेले आणि जुनीवर जीव जडल्यामुळे नवीवर चिडलेले, दोन्ही गटांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' ही अमेरिकी दूरचित्रवाणीवरची अवकाशकथा-मालिका १९७९ साली बंद पडली आणि २००३ साली परत आली. मधल्या चोवीस वर्षांत कोणी काय खटपट केली, कोणाचं घोडं कुठे अडलं आणि शेवटी जे परत आलं ते हवं होतं तेच होतं का, याची ही उत्तरं. कथेतले काही धागे उघड झाले आहेत. बघायची असेल तर सरळ शेवटच्या प्रश्नावर जा.

मूळ मालिका नेमकी कशाबद्दल होती?

मानवजातीच्या बारा वसाहती आहेत, बारा वेगवेगळ्या ग्रहांवर. सायलॉन नावाच्या यंत्रांशी त्यांचं हजार वर्षांचं युद्ध चालू आहे. शांततेचा तह होणार म्हणून सगळे बेसावध असताना सायलॉन हल्ला करतात आणि बाराही वसाहती उद्ध्वस्त होतात. 'गॅलेक्टिका' ही एकच मोठी युद्धनौका वाचते. कमांडर अडामा हाताला लागतील ती प्रवासी आणि मालवाहू यानं गोळा करतो आणि हा निर्वासितांचा ताफा घेऊन तेराव्या टोळीच्या शोधात निघतो. ती टोळी पृथ्वी नावाच्या कुठल्याशा ग्रहावर गेली, अशी दंतकथा असते.

निर्माता ग्लेन लार्सन मॉर्मन पंथातला होता, आणि बारा जणांची परिषद, 'कोबोल' हा मूळ ग्रह अशा बऱ्याच गोष्टी तिकडून आल्या आहेत. वसाहतींची नावं मात्र राशींवरून बेतलेली आहेत. कॅप्रिका म्हणजे मकर, सॅजिटॅरॉन म्हणजे धनू, टॉरॉन म्हणजे वृषभ. एकदा हे लक्षात आलं की बाकीची नावं आपली आपण सुटतात.

एवढी गाजली, मग एका वर्षातच बंद का पडली?

महाग पडली म्हणून. १७ सप्टेंबर १९७८ ला एबीसी वाहिनीवर तीन तासांचा पहिला भाग लागला आणि त्याला प्रचंड प्रेक्षक मिळाले. (त्याच रात्री कॅम्प डेव्हिड करारावर सह्या झाल्या आणि त्याच्या बातमीसाठी प्रक्षेपण मध्येच थांबवावं लागलं. पडद्यावर शांततेचा तह म्हणजे सापळा ठरतोय आणि बातमीत खराखुरा तह होतोय, असा योग कुठल्याही लेखकाला सुचला नसता.) पण दर भागाला सुमारे दहा लाख डॉलर खर्च येत होता. त्या काळच्या दूरचित्रवाणीला हा आकडा झेपणारा नव्हता. सीबीएसने त्याच वेळेला 'ऑल इन द फॅमिली' ही तुफान लोकप्रिय विनोदी मालिका आणून बसवली आणि आकडे घसरले. पैसे वाचवायला लढाईची तीच ती दृश्यं पुन्हा पुन्हा वापरली जाऊ लागली. सायलॉनचं तेच यान त्याच कोनातून इतक्या वेळा फुटतं की चौथ्या-पाचव्या भागानंतर आपण ते आधीच ओळखतो. २९ एप्रिल १९७९ ला शेवटचा भाग लागला. पृथ्वी सापडलेली नव्हती.

आकडे घसरले तरी मालिका आपटली असं म्हणता येत नाही. इतर कुठल्याही मालिकेला तेवढे प्रेक्षक चालले असते. एवढ्या खर्चाला ते पुरेना झाले, इतकंच. चाहत्यांच्या मनातली 'आपल्यावर अन्याय झाला' ही भावना इथून सुरू होते आणि ती अगदीच निराधार नाही.

'स्टार वॉर्स'ची नक्कल होती म्हणतात ते?

'स्टार वॉर्स' काढणाऱ्या फॉक्स कंपनीला तसं वाटलं. १९७८ सालीच तिने 'गॅलेक्टिका' बनवणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओवर दावा ठोकला आणि साम्यस्थळांची ३४ कलमी यादी दिली. दृश्य-करामतींचा प्रमुख जॉन डायकस्ट्रा दोन्हीकडे होता, त्यामुळे दिसण्यात साम्य असणारच. खालच्या न्यायालयात युनिव्हर्सल जिंकली, १९८३ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि मग प्रकरण आपसात मिटलं. कथेपुरतं माझं मत विचाराल तर नक्कल नाही. 'स्टार वॉर्स'मध्ये बंडखोर साम्राज्य उलथायला निघालेले असतात. इथे घरदार गमावलेली माणसं फक्त पळत असतात.

'गॅलेक्टिका १९८०' मोजायची की नाही?

चाहत्यांना विचाराल तर नाही. बंद पडल्यावर पत्रांचा पाऊस पडला, म्हणून एबीसीने स्वस्तातली आवृत्ती काढली. ताफा एकदाचा पृथ्वीवर पोचतो, तोही थेट १९८० सालच्या अमेरिकेत. म्हणजे परग्रहाचे सेट बांधायला नकोत. प्रक्षेपणाची वेळ रविवारी संध्याकाळी सात. तेव्हाच्या नियमांनुसार त्या वेळेला लहान मुलांना काही शिकवणारं तरी दाखवायचं, नाहीतर बातम्या. परिणामी उडत्या मोटारसायकली, शाळकरी मुलं आणि मध्येच विज्ञानाचे धडे. दोन नायकांपैकी अपोलो गायब, स्टारबक फक्त शेवटच्या भागात. दहा भागांत गाडी थांबली.

पण एक गोष्ट विसरू नका. मालिका परत आणण्याचा हा पहिला प्रयत्न, आणि तो चाहत्यांच्या मागणीमुळेच झाला. दुधाची तहान ताकावर भागवायला गेलं की काय होतं, याची कटू आठवण पुढे वीस वर्षं प्रत्येक चर्चेत डोकावत राहिली. नंतर कोणी 'नवं रूप' असा शब्द काढला की जुना चाहता आधी या दहा भागांकडे बोट दाखवायचा.

रिचर्ड हॅच कोण? साध्या नटाने एवढा खटाटोप का केला?

हॅच म्हणजे मूळ मालिकेतला अपोलो, अडामाचा मुलगा. मालिका बंद पडल्यावर बहुतेक नट पुढच्या कामाला लागतात. हॅचही लागला. पण विज्ञानकथा-चाहत्यांच्या मेळाव्यांना जात राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की ही माणसं जुन्या आठवणी काढायला येत नाहीत, त्यांना गोष्ट पुढे हवी आहे. नव्वदच्या दशकात त्याने सहलेखकांबरोबर मूळ कथा पुढे नेणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या. मग पदरमोड करून, मित्र आणि व्यावसायिक तंत्रज्ञांना गोळा करून 'द सेकंड कमिंग' नावाची छोटी चित्रफीत बनवली. ती १९९९ साली मेळाव्यांतून दाखवली गेली.

जेमतेम काही मिनिटांची ती झलक होती. वीस वर्षांनी वयस्कर झालेला अपोलो, मूळ मालिकेतले टेरी कार्टर आणि जॉन कोलिकोस त्यांच्या जुन्या भूमिकांत, आणि संगणकावर नव्याने घडवलेली लढाई. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. हॅचचं म्हणणं सरळ होतं: नट आहेत, चाहते आहेत, तंत्र आता स्वस्त झालंय, तर जिथे सोडली तिथून गोष्ट पुढे न्या.

अडचण एकच होती. मालिका त्याच्या मालकीची नव्हती. ती झलक विकायची सोय नव्हती, प्रसारित करायची नव्हती. स्टुडिओला पटवण्यासाठी केलेली ती एक विनंती होती, आणि स्टुडिओ पटला नाही.

मग हक्क होते कोणाकडे?

या सगळ्या कहाणीचं मर्म या प्रश्नात आहे. दूरचित्रवाणी मालिकेचे हक्क युनिव्हर्सलकडे. चित्रपटाच्या हक्कांवर मूळ निर्माता लार्सनचा दावा. म्हणजे एका नावाला दोन दारं, आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या हातांत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हॅच युनिव्हर्सलचं दार ठोठावत होता, तेव्हा लार्सन निर्माता टॉड मॉयरबरोबर चित्रपटाची जुळवाजुळव करत होता. त्याची कथा 'पेगॅसस' या दुसऱ्या युद्धनौकेभोवती फिरणार होती. दोघांचे बेत एकमेकांशी जुळणारे नव्हते. चाहत्यांतही त्यामुळे हॅचवाले आणि लार्सनवाले असे तट पडले. शत्रू सायलॉन राहिले बाजूला, भांडणं आपसातच जास्त झाली.

२००१ साली ब्रायन सिंगर मालिका करणार होता, ती ११ सप्टेंबरमुळे बुडाली हे खरं का?

अर्धं खरं. निर्माता टॉम डिसँटो लहानपणापासून या मालिकेचा चाहता. 'एक्स-मेन'च्या यशानंतर तो आणि दिग्दर्शक ब्रायन सिंगर यांनी स्टुडिओज यूएसएबरोबर नवी मालिका हाती घेतली, फॉक्स वाहिनीसाठी. हीसुद्धा मूळ कथेचा पुढचा अध्यायच होती. सगळं पुसून पुन्हा सुरुवात करण्याचा विचार नव्हता. सेट उभे राहायला लागले होते. चाहत्यांच्या दृष्टीने स्वप्न अगदी हाताशी आलं होतं.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर चित्रीकरण लांबलं. त्या महिन्यांत माणसांची शहरंच्या शहरं बेचिराख होण्याची गोष्ट करमणूक म्हणून कोणाला दाखवणार, हा प्रश्न होताच. पण खरा घाव त्या लांबण्याने घातला. 'एक्स-मेन'च्या दुसऱ्या भागाची वेळ आली आणि सिंगरला तिकडे जावं लागलं. सिंगर गेल्यावर फॉक्सने हात आखडता घेतला. प्रकल्प कोसळला. जुन्या गोटातले बरेच जण आजही म्हणतात, 'आमची गॅलेक्टिका तेव्हा मेली.'

रोनाल्ड मूर यात कुठून आला?

स्टुडिओकडे आता नाव होतं, इच्छा होती, माणसं नव्हती. निर्माता डेव्हिड आईकने रोनाल्ड मूरला विचारलं. मूरने 'स्टार ट्रेक'च्या दोन मालिकांवर वर्षानुवर्षं लेखन केलं होतं आणि त्या पद्धतीच्या चकचकीत, सभ्य अवकाशकथांचा त्याला कंटाळा आला होता. २००२ च्या सुरुवातीला त्याने जुना पहिला भाग पुन्हा लावून बघितला. ११ सप्टेंबरला जेमतेम काही महिने झाले होते. अचानक झालेला हल्ला, एका दिवसात संपलेलं जग, उरलेल्या माणसांची धावपळ हे सगळं त्याला निराळंच दिसायला लागलं. फॉक्सला ज्या कारणाने कथा नकोशी झाली असावी, त्याच कारणाने मूरला ती हवीशी झाली.

त्याने पाया नव्याने घातला. सायलॉन आता माणसांनीच बनवलेले, आणि त्यांतले काही हुबेहूब माणसांसारखे. 'गॅलेक्टिका' संग्रहालय व्हायच्या बेतात असलेली म्हातारी नौका. तिच्यावरचे संगणक एकमेकांना जोडलेले नाहीत म्हणूनच ती हल्ल्यातून वाचते. कॅमेरा हातात धरल्यासारखा हलणारा, युद्धाची बातमी बघावी तसा. आणि राष्ट्राध्यक्षा लॉरा रॉझलिनच्या पाठीमागे पांढरा फळा, त्यावर जिवंत उरलेल्या माणसांचा आकडा. कोणी मेलं की ती तो पुसून नवा लिहिते. मूळ मालिकेत बारा ग्रह नष्ट झाल्यावर थोड्याच वेळात मंडळी जुगारघरात रमलेली दिसतात. त्या ढिलाईला याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही.

डिसेंबर २००३ मध्ये साय-फाय वाहिनीवर दोन रात्रींची लघुमालिका लागली. दुसऱ्या रात्री प्रेक्षक कमी होण्याऐवजी वाढले, आणि पूर्ण मालिकेचा मार्ग मोकळा झाला.

जुन्या चाहत्यांना एवढा राग का आला?

सगळ्यांना आठवतं ते कारण म्हणजे स्टारबक बाई झाली. मूळचा स्टारबक म्हणजे सिगार ओढणारा, जुगारी, बायकांत रमणारा डर्क बेनेडिक्ट; नवी स्टारबक केटी सॅकहॉफ, सिगार तोच. बेनेडिक्टने २००४ साली नव्या मालिकेवर आग पाखडणारा लेख लिहिला. त्यातला बराच भाग आज वाचवत नाही.

पण राग तेवढ्यापुरता होता असं म्हणणं जुन्या चाहत्यांवर अन्याय आहे. या लोकांनी वीस-बावीस वर्षं पत्रं लिहिली, मेळावे भरवले, हे नाव विस्मृतीत जाऊ दिलं नाही. त्यांची मागणी एकच होती: आमची माणसं कुठे आहेत ते सांगा. आणि उत्तर मिळालं की ती माणसं कधी नव्हतीच. नाव तेच, नौकेचं नाव तेच, बाकी सगळं निराळं. ज्यांच्या जिवावर नाव टिकलं, त्यांनाच आता 'तुम्ही आमचे प्रेक्षक नाही' असं ऐकावं लागत होतं. नव्या अडामाची भूमिका करणाऱ्या एडवर्ड जेम्स ओल्मोसने तर कट्टर जुन्या चाहत्यांना ही बघूच नका असं उघड सांगितलं. प्रामाणिक सल्ला होता, पण जखमेवर मीठच.

२००३ साली मूळ मालिकेला पंचवीस वर्षं झाली म्हणून हॅचने चाहत्यांचा मोठा मेळावा भरवला. मूर तिथे गेला, त्याने नव्या मालिकेची दृश्यं दाखवली आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. तरी तो उभा राहून उत्तरं देत राहिला. हे धैर्य त्याच्या खात्यावर मांडायला हवं.

हॅचने पुढे त्याच नव्या मालिकेत काम केलं. मग तो हरला, विकला गेला की काय?

सुरुवातीला हॅच नव्या मालिकेच्या उघड विरोधात होता. मग मूरने त्याला भूमिका देऊ केली. पाहुण्या कलाकाराची हात हलवून निघून जायची भूमिका ती नव्हती. टॉम झॅरेक हा सॅजिटॅरॉन वसाहतीतला राजकीय कैदी. कोणी त्याला क्रांतिकारक म्हणतं, कोणी दहशतवादी. पहिल्या पर्वाच्या तिसऱ्याच भागात तुरुंगयानावर बंड होतं आणि जुना अपोलो नव्या अपोलोसमोर, जेमी बँबरसमोर, उभा राहतो. वादाचा विषय असतो लोकशाहीचा: या ताफ्यावर राज्य करायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? प्रश्न झॅरेकचा, पण तोंड हॅचचं, आणि त्या प्रसंगाला दुहेरी धार येते ती त्यामुळेच. ज्याने आयुष्याची कित्येक वर्षं या नावासाठी घातली, तो नव्या मालकांना विचारतोय.

झॅरेक पुढे उपराष्ट्राध्यक्ष होतो, चौथ्या पर्वात बंड करतो आणि गोळ्या घालून मारला जातो. हॅचने ही भूमिका जीव ओतून केली. मालिका आपल्याला हवी तशी परत आली नाही, पण चांगली आली, हे त्याने पुढे मोकळेपणाने मान्य केलं. याला कोणी हार म्हणेल; मला तसं वाटत नाही. त्याच्या मनातली गॅलेक्टिका कधीच झाली नाही हे खरं, पण तो नसता तर हे नाव दोन हजार सालापर्यंत स्टुडिओच्या कोणाच्या लक्षात तरी राहिलं असतं का, याची मला शंका आहे. ७ फेब्रुवारी २०१७ ला तो गेला.

लार्सनचंही इथेच सांगून टाकतो. मूळ कल्पना त्याची असल्यामुळे लेखक संघटनेच्या नियमांनुसार २००३ च्या लघुमालिकेच्या लेखनश्रेयात त्याचा वाटा निघाला. त्याने तिथे खरं नाव न देता टोपणनाव वापरलं. २०१४ साली त्याचं निधन झालं.

नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात खरंच गायत्री मंत्र आहे?

आहे. रिचर्ड गिब्जने केलेल्या शीर्षकसंगीतात 'ॐ भूर्भुवः स्वः' पासून 'प्रचोदयात्' पर्यंत पूर्ण मंत्र गायला आहे. चाल आणि उच्चार दोन्ही परके असल्यामुळे पहिल्यांदा ऐकताना आपल्यालाही चटकन ओळखू येत नाही. ओळखू आल्यावर मात्र कान तिथेच अडकतात. अमेरिकेत पहिल्या पर्वाला वेगळं शीर्षकसंगीत होतं, ब्रिटनमध्ये हेच होतं. दुसऱ्या पर्वापासून सगळीकडे हे आलं.

कथेत याचा खुलासा कुठेही नाही. वसाहतींतली माणसं ग्रीक देवांना मानतात, सायलॉन एकेश्वरवादी आहेत, आणि मंत्र ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातला. पण 'हे सगळं आधी घडलंय आणि पुन्हा घडणार आहे' हे वाक्य मालिकाभर घुमत असतं. युगांच्या फेऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानांना त्यात परकं काही वाटत नाही.

जुन्या मालिकेचं नव्यात काही उरलं का?

बरंच, शोधलं तर. लघुमालिकेत नौकेवरच्या संग्रहालयात १९७८ चा सायलॉन उभा आहे. स्टू फिलिप्सची जुनी शीर्षकधून दुसऱ्या पर्वात वसाहतींचं राष्ट्रगीत म्हणून वाजते. लार्सनच्या चित्रपटाचा कणा होणार होती ती 'पेगॅसस' इथे दुसऱ्या पर्वात येते आणि मालिकेतले सर्वांत अस्वस्थ करणारे भाग देऊन जाते.

पत्रं पाठवून, मोहिमा काढून मालिका खरंच परत येते?

चालू मालिका वाचते, बंद पडलेली सहसा येत नाही. 'स्टार ट्रेक'चं तिसरं पर्व १९६८ साली पत्रमोहिमेच्या दबावामुळे मिळालं. २००७ साली 'जेरिको'च्या चाहत्यांनी सीबीएसच्या कचेरीत टनावारी शेंगदाणे पाठवले आणि सात भाग पदरात पाडून घेतले. पण या दोन्ही वेळा सेट शाबूत होते, नटांचे करार ताजे होते. वीस वर्षांनी तसं काही उरत नाही. उरतं फक्त नाव आणि त्याची किंमत. चाहते ती किंमत वाढवू शकतात. त्या नावाचं काय करायचं हे मालक ठरवतो.

नवी मालिका खरंच एवढी मोठी ठरली का?

पहिल्याच नियमित भागाला ह्यूगो पुरस्कार, २००५ सालासाठी पीबॉडी पुरस्कार. मार्च २००९ मध्ये शेवटचा भाग लागण्याच्या तीन दिवस आधी संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात मानवी हक्क आणि दहशतवाद या विषयांवर चर्चा झाली आणि मालिकेचे निर्माते आणि नट व्यासपीठावर होते. शेवट मात्र अनेकांना रुचला नाही. मलाही नाही.

२००९ नंतर काय झालं?

'कॅप्रिका' ही पूर्वकथा २०१० मध्ये आली, एका पर्वात आटोपली. 'ब्लड अँड क्रोम' २०१२ मध्ये आधी इंटरनेटवर तुकड्यांत आली, पुढे सरकली नाही. चित्रपटाचं भिजत घोंगडं २००९ पासून पडलं आहे. त्या वर्षी पुन्हा सिंगरचंच नाव जाहीर झालं होतं, नंतर लेखक-दिग्दर्शक बदलत राहिले. २०१९ मध्ये पिकॉक या प्रवाहसेवेसाठी सॅम एस्मेलच्या नव्या मालिकेची घोषणा झाली. २०२४ मध्ये पिकॉकने अंग काढून घेतलं.

गंमत अशी की या वेळी 'आमची गॅलेक्टिका बिघडवू नका' म्हणून ओरडणारे लोक मूरच्या मालिकेचे चाहते होते.

आधी कोणती बघू?

२००३ ची लघुमालिका. ती न बघता थेट पहिलं पर्व सुरू केलंत तर काही कळणार नाही. दुसरं पर्व झालं की थांबा आणि १९७८ चा पहिला तीन तासांचा भाग बघा. 'पेगॅसस' ताजी असताना जुन्या मालिकेतलं तिचं दोन भागांचं प्रकरणही बघून घ्या, 'पेगॅसस'वरच्या सेनानी केनच्या दोन्ही अवतारांची तुलना करायला मजा येते. 'रेझर' हा लांब भाग तिसऱ्या पर्वानंतर. जुनी मालिका घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बिनधास्त बघता येते, नवी अजिबात नाही. 'गॅलेक्टिका १९८०'चे पहिले नऊ भाग सोडून द्या. दहावा, स्टारबक एका ओसाड ग्रहावर एका सायलॉनबरोबर अडकतो तो, जरूर बघा.